आधी कूलंट, मग टर्बो!

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री एकनंतर जे विषय रंगतात त्यात सबमिशनचा नंबर सगळ्यात शेवटी. वरच्या दोन-तीन विषयांत एक ठरलेला, नोकरी लागल्यावर गाडी कोणती घ्यायची? त्यातही 'नवीन घेऊ' म्हणणारा आमच्या मेकॅनिकलच्या विंगमध्ये बावळट ठरतो. "नवीन हॅचबॅक काय, काका लोक घेतात रे! तेवढ्यात जुनी ऑक्टाव्हिया आरएस मिळते. उरलेले पैसे टर्बोला लावायचे. दोनशे घोडे, भावा!" हा डायलॉग गेल्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय, की त्यावर एकदा सविस्तर लिहायचंच असं ठरवलं.

गैरसमज नको. मी जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या विरोधात नाही. उलट, आजच्या स्क्रीनवाल्या गाड्यांपेक्षा एखादी वीस वर्षांची, हातात बोलणारं स्टीअरिंग असलेली गाडी मला शंभर पटीने प्यारी. टर्बोवरही राग नाही. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टमधून काम काढून घेणारं यंत्र ज्याला आवडत नाही त्याने ही ब्रँच का घेतली, असं मी विचारेन. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीत टर्बो हा शेवटचा खर्च असायला हवा आणि आपण तो पहिला करतो. जी गाडी कंपनीने दिलेली ताकदच आज धड देत नाही, तिच्यावर जास्तीची ताकद लादणं ही इंजिनिअरिंगची गोष्ट नाही. ती नुसती हौस आहे, आणि हौसेचं बिल फार मोठं येतं.

सुरुवात पैशांपासून करू, कारण बोलणी तिथेच फसतात. जुनी गाडी स्वस्त वाटते कारण आपण तिची विकत घ्यायची किंमत बघतो. पण गाडीची किंमत उतरते तशी पार्टची उतरत नाही. नवी असताना पंधरा लाखांची असलेली गाडी आज तीन लाखांना मिळाली, तरी तिचा क्लच, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे आर्म हे पंधरा लाखांच्या गाडीचेच असतात आणि त्याच भावाने येतात. मिळाले तर! नाहीतर मग 'माल बाहेरून मागवावा लागेल' हे वाक्य ऐकत महिनाभर बसायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

शिवाय सरकारी बाजू आहे. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ते दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ मध्ये आली, म्हणजे पहिल्या गाड्यांनी विशी ओलांडली आहे. मेसच्या टेबलावर जो हिशोब मांडला जातो त्यात ही ओळ मी कधीच बघितलेली नाही.

आता भरवशाकडे येऊ. 'ही गाडी रिलायबल आहे का?' हा प्रश्न आपण असा विचारतो जणू तो गाडीचा रक्तगट आहे. एकदा कळला की आयुष्यभर तोच! रिलायबिलिटीच्या धड्यातलं सिरीज सिस्टिमचं गणित आठवा. एका मागे एक असे दहा भाग, प्रत्येक भाग वर्षभर न बिघडता टिकण्याची शक्यता ९५ टक्के धरा. वाचायला छान वाटतं. पण दहाही भाग टिकण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ६० टक्के. तेच प्रत्येक भाग ९९ टक्क्यांवर नेला तर गाडी ९० टक्क्यांवर येते. यातला एकही भाग भारी नाही. रेडिएटरचा होज, थर्मोस्टॅट, अल्टरनेटरचा बेल्ट, फ्युएल पंपाचा रिले, बॅटरीची अर्थिंगची वायर... असलीच मंडळी. जुनी गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक वेळा अशा पन्नास-शंभरापासून दोन-तीन हजारांपर्यंतच्या वस्तूने. म्हणून भरवसा हा गाडीचा जन्मजात गुण कमी आणि मालकाच्या सवयींचा गुण जास्त, असं माझं मत आहे.

आरएसचंच उदाहरण घेऊ. १७८१ सीसीचं, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेलं हे टर्बो पेट्रोल इंजिन फोक्सवॅगन समूहाने जगभर कितीतरी गाड्यांत वापरलं. मुळात दणकट इंजिन. पण त्याच्या काही नाड्या माहीत असाव्या लागतात. पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, आणि त्या काळच्या काही पंपांचे इंपेलर प्लास्टिकचे होते. इंटरफिअरन्स इंजिन, म्हणजे बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची भेट ठरलेली. इग्निशन कॉइलचा त्रास तर त्या वर्षांत सगळीकडे गाजला होता. टर्बोला जोडलेल्या रबरी नळ्या आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा वयाप्रमाणे फाटतात. फाटले की गाडी बंद पडत नाही, हीच खरी गंमत! ती नुसती मंद होते. मालकाला वाटतं, गाडी म्हातारी झाली, आता मोठा टर्बो पाहिजे. प्रत्यक्षात दाबलेली हवा वाटेतच गळत असते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की २०० घोड्यांची स्वप्नं बघण्याआधी कागदावरचे १५० घोडे गोठ्यात आहेत का ते मोजा. कॉम्प्रेशन टेस्ट करा, इनटेकमध्ये थोडा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधा, प्लग काढून त्यांचा रंग बघा. हे करायला आपल्याच वर्कशॉपमधली अवजारं पुरतात. गळती बंद करून, नव्या कॉइल आणि प्लग टाकून जी ताकद परत येते ती कंपनीने तपासून पास केलेली ताकद असते, आणि खर्च मोठ्या टर्बोच्या मानाने किरकोळ.

"पण युरोपातल्या आरएसला १८० पीएस होते, आपल्याकडे १५० चीच आली. ते तीस आपल्या हक्काचे आहेत!" हा पुढचा मुद्दा. आकडे बरोबर आहेत. आणि लॅपटॉप जोडून ईसीयूची फाईल बदलली की पॉवर वाढते हेही खरं. पण ती येते कुठून? फाईल बदलल्याने इंजिनमध्ये नवीन धातू येत नाही. बूस्ट वाढतो, इग्निशन थोडं पुढे सरकतं, इंधन जास्त जातं. म्हणजे तेच पिस्टन, तोच क्लच, तोच रेडिएटर, आणि त्यांच्यावरचा भार वाढलेला. नव्या गाडीत कंपनीने थोडी सूट ठेवलेली असते. वीस वर्षांच्या गाडीत ती सूट आधीच्या तीन मालकांनी वापरून संपवलेली असते, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

दुसऱ्या वर्षाचं थर्मो जरा कामाला लावू. ३० अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दीडपट दाबाला नेली. आदर्श कॉम्प्रेसर असेल तर ती ६७ अंशांवर जाईल. खऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ८३ अंश. आता घनता काढा. दाब दीडपट झाला, पण हवा गरम झाल्याने सिलिंडरमध्ये मावणारी हवा फक्त १.२८ पट वाढली. इंटरकूलरने ती ५० अंशांवर आणली तर १.४१ पट. म्हणजे मिळायच्या पन्नास टक्क्यांतले बावीस टक्के गरमीने खाल्ले, आणि इंटरकूलरने त्यातले तेरा परत मिळवून दिले. आता तोच इंटरकूलर चिखलाने आणि किड्यांनी अर्धा बुजलेला आहे, मे महिना आहे, सोलापूर रोड आहे, बाहेरची हवाच ४२ अंश आहे. गरम हवेत नॉकिंग लवकर सुरू होतं. नॉक सेन्सर जागा होतो, ईसीयू इग्निशन मागे खेचतो आणि जानेवारीत डायनोच्या कागदावर छापलेले घोडे मे महिन्यात गायब होतात. सेन्सर जुना होऊन बहिरा झाला असेल तर याहून वाईट. पिस्टनच्या रिंग लँडला तडा जातो.

टर्बो स्वतःही खायला मागतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूला सुमारे नऊशे अंशांचा एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. घाट चढून वर आलात आणि लगेच चावी फिरवून चहाला पळालात, की बेअरिंगमधलं उभं तेल भाजून कोळसा होतं. तेल बदलायला दोन-तीन हजार किलोमीटर उशीर हा साध्या मोटारीत चालून जातो, इथे नाही. ज्याला बाईकचं ऑईल बदलायचं लक्षात राहत नाही त्याने टर्बो पाळू नये, असं मला स्पष्ट वाटतं. रागावू नका, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून बघा!

मग इंधन. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण सरासरी वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगच्या दृष्टीने ते चांगलंच. टर्बोवाले यावर खूष असतात. पण पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं आणि वीस टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे १३.५. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त पाहिजे. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ते जुळवून घेतो. फुल थ्रॉटलला, वाढवलेल्या बूस्टवर, जुने इंजेक्टर आणि थकलेला पंप आधीच टोकाला असतात. तिथे मिश्रण पातळ झालं की पिस्टन तापतो. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या नळ्या आणि सील इतकं इथेनॉल गृहीत धरून केलेले नव्हते. तेव्हा इंधनाचे होज बदलणं हे टर्बोच्या यादीत नाही, गाडी घेतल्या दिवशीच्या यादीत हवं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, हा घाबरवतोय. म्हणून कंपनी टर्बो कसा बसवते ते बघू. माझदाची एमएक्स-५ नावाची छोटी, दोन सीटची, उघडी गाडी आहे. आपल्याला माझदा म्हटलं की स्वराज माझदाची बस आठवते, पण बाहेरच्या जगात ही गाडी म्हणजे गरिबांची स्पोर्ट्‌स कार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. पहिल्या गाडीचं इंजिन फक्त १.६ लिटरचं आणि वजन टनाच्या आत. गंमत म्हणजे तिचं नाव तिच्या पॉवरमुळे झालं नाही. साधी रचना, मुबलक पार्ट आणि घरच्या गॅरेजमध्ये करता येतील अशी कामं, यामुळे त्या गाड्या तिशी ओलांडूनही पळतायत. जपानमध्ये तर खुद्द कंपनीनेच २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली.

आता मुद्दा. या गाडीला टर्बो लावायचं वेड जगभर आहे आणि त्याची किट वर्षानुवर्षं विकली जातात. २००४ मध्ये माझदाने अमेरिकेत स्वतःच टर्बो एमएक्स-५ काढली. १.८ लिटरच्या साध्या गाडीला १४२ हॉर्सपॉवर होते, टर्बोवालीला १७८. वाढ किती? छत्तीस! आणि त्या छत्तीस घोड्यांसाठी कंपनीने इंटरकूलर दिला, क्लच दणकट केला, मागच्या चाकांकडे ताकद नेणारे शाफ्ट मजबूत केले, सस्पेन्शन बदललं. ज्यांच्याकडे मोठमोठ्या टेस्ट सेल आहेत त्यांनी नव्या गाडीला छत्तीस घोडे जोडताना इतकी मागची तयारी केली. आणि आपण वीस वर्षांच्या गाडीला पन्नास घोडे जोडणार ते एका रविवारच्या दुपारी, लॅपटॉपवर, वडापाव खात. हाताने किट लावणाऱ्या जुन्याजाणत्यांनाही हे ठाऊक असतं. पहिल्या १.६ वाल्या गाडीचा डिफरन्शिअल लहान असतो, पॉवर वाढवायची तर तो १.८ वाल्या गाडीचा मोठा टाका, हा सल्ला तिकडे पाठच असतो. ताकद वाढली की ती साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधत जाते, आणि ती कडी कोणती हे तुम्ही आधी शोधायचं की घाटात कळू द्यायचं, एवढाच पर्याय तुमच्या हातात असतो.

आमच्या एका सिनियरला घाटात कळलं. गाडीचं नाव सांगत नाही, गॅरेजचं तर नाहीच. प्लेसमेंट झाली, सहाव्या महिन्यात पर्सनल लोन काढून जुनी टर्बो सेदान घेतली आणि पंधरा दिवसांत फाईल टाकून घेतली. त्याआधी रेडिएटर धुतला नव्हता, कूलंटच्या जागी नळाचं पाणी होतं, इंटरकूलर कोणी बघितला नव्हता. दोन महिने गाडी अशी पळाली की आम्हा सगळ्यांना हेवा वाटला. मग मे महिन्यात, चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला आणि नंतर एक्झॉस्टमधून निळा धूर. एका पिस्टनची रिंग लँड तुटली होती. गाडी सात महिने ताडपत्रीखाली उभी होती. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जायचा आणि आमचे सिनियर कंपनीच्या बसने ऑफिसला जायचे. घरी वडिलांना त्याने 'सर्व्हिसिंगला दिलीय' असंच सांगितलं होतं. सात महिने! हसण्यासारखं आहे, पण त्या घरात बहिणीच्या ॲडमिशनचे पैसे त्याच वर्षी भरायचे होते हे माहीत असलेल्याला हसू येत नाही.

टर्बोवाल्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. पहिला मुद्दा, आज शोरूममधल्या कितीतरी साध्या गाड्यासुद्धा टर्बो असतात, मग टर्बो नाजूक कसा? बरोबर आहे, टर्बो नाजूक नाही. ज्या इंजिनाचे पिस्टन, कूलिंग, तेलाचा मार्ग आणि ईसीयू टर्बो धरूनच आखले आहेत तिथे तो लाखो किलोमीटर चालतो. प्रश्न मागून चिकटवलेल्याचा किंवा मागून फुगवलेल्याचा आहे. दुसरा मुद्दा घाटाचा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी. बिनटर्बोची गाडी तेवढी मरगळते, टर्बोवाली ती कसर भरून काढते. हा फायदा खरा आहे, पण तो कंपनीने दिलेल्या टर्बोतही मिळतोच. तिसरा मुद्दा सगळ्यात प्रामाणिक, "मजा येते रे!" याला माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. मजा येतेच. फक्त ती मजा चालू गाडीत येते, ताडपत्रीखालच्या नाही.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो, कारण यावर हॉस्टेलमध्ये फार अफवा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर क्लेम अडकू शकतो. 'पोलीस बॉनेट उघडून बघतात का?' असं विचारणाऱ्याला मी सांगेन, पोलीस नाही बघत, पण अपघातानंतर सर्व्हेअर बघतो. समोरच्या गाडीतल्या माणसाच्या भरपाईचाही प्रश्न असतो, तुमच्या एकट्याच्या बंपरचा नाही.

ब्रेकबद्दल तर कोणी बोलतच नाही. ताशी ८० ऐवजी १०० ने वळणावर आलात, तर वेग पंचवीस टक्के वाढला पण थांबवायची ऊर्जा ५६ टक्के वाढली. वेगाचा वर्ग, दुसरं काय! ब्रेकचं तेल हवेतलं बाष्प शोषून घेतं, आपल्या पावसाळ्यात तर भरपूर, आणि मग घाट उतरताना तापून त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांनी ते बदलायला किती खर्च येतो? एका पार्टीच्या बिलापेक्षा कमी. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा म्युझिक सिस्टिमच्या आधी हा कोड वाचा. नक्षी शाबूत आणि रबर दहा वर्षांचं, अशा टायरवर दोनशे घोडे सोडणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही.

मग करावं काय? माझा क्रम सांगतो, पटला तर घ्या. गाडी जितक्याला घ्याल त्याच्या निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवून मगच सौदा करा. तेवढी जमत नसेल तर गाडीही जमत नाही असं समजा. पहिल्या महिन्यात टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, सगळी तेलं, कूलंट, इंधनाच्या आणि पाण्याच्या नळ्या. मागच्या मालकाने 'आत्ताच केलंय' असं सांगितलं तरी, बिल दाखवल्याशिवाय ते केलेलं नाही असं धरायचं. दुसऱ्या टप्प्यात ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश. नुसते बुश बदलल्यावर जुनी गाडी वळणात जी सरळ होते ना, त्याची सर वीस घोड्यांना नाही. मग एक पूर्ण वर्ष गाडी आहे तशी चालवा. एक उन्हाळा, एक पावसाळा. सोबत शंभर पानी वही ठेवा, त्यात किलोमीटर, पेट्रोल, वर टाकलेलं तेल, कूलंटची पातळी, झालेला खर्च लिहा. वर्षानंतर ती वही सांगेल की या इंजिनाला टर्बो झेपेल की नाही. तेल पिणाऱ्या इंजिनाला टर्बो लावायचा म्हणजे दम्याच्या पेशंटला मॅरेथॉनला उभं करायचं. आणि वही चांगली निघाली, तर रस्त्याबाहेर, ट्रॅकवर चालवण्यासाठी, आधी इंटरकूलर, क्लच, इंधन आणि मग बूस्ट या क्रमाने खुशाल करा. मी स्वतः पाने धरायला येईन.

शेवटी थोडं आपल्या स्वतःबद्दल. हा सगळा उलटा क्रम येतो कुठून? मला वाटतं तो आपल्या डोक्यातून येतो. आपल्याकडे 'डिझाइन' म्हणजे हुशारांचं काम आणि 'मेंटेनन्स' म्हणजे ज्याला दुसरं काही जमलं नाही त्याचं. प्लेसमेंटच्या फॉर्मवर मेंटेनन्स डिपार्टमेंटला टिक करणारा मी अजून पाहिला नाही. बाजाच्या टीममध्येही सगळ्यांना इंजिन आणि सस्पेन्शनचं डिझाइन पाहिजे असतं. चार तासांच्या एंड्युरन्समध्ये गाडी मात्र सैल नटाने थांबते, आणि तो नट कोणाच्याच नावावर नसतो. आपल्या आय. सी. इंजिन लॅबमधलं किर्लोस्करचं इंजिन आपल्यापैकी बहुतेकांच्या आधी जन्मलेलं आहे. दर वर्षी शे-दीडशे पोरं त्यावर आडवीतिडवी रीडिंग घेतात आणि तरी ते पहिल्या हँडलला सुरू होतं. कारण लॅबमधले काका दर शनिवारी त्याचं तेल बघतात, नट आवळतात, पाण्याची लाइन साफ करतात. त्यांच्या नावाने कुठला पेपर छापून येत नाही. पण भरवसा कसा तयार होतो हे शिकायचं असेल तर या कॅम्पसमध्ये त्यांच्यापेक्षा चांगला शिक्षक नाही, आणि आमचे सरसुद्धा हे मान्य करतील.

सरांना एक विनंती. टर्म वर्कमध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा की चार जणांच्या ग्रुपने कोणतीही एक दहा वर्षांवरची गाडी घ्यायची. बाईकसुद्धा चालेल. तिची कॉम्प्रेशन, गळती, ब्रेक, चार्जिंग तपासायची आणि ती कंपनीच्या आकड्यांपासून किती लांब आहे याचा रिपोर्ट द्यायचा. मार्क नॉर्मल प्रॅक्टिकलइतकेच. निदान गाडी विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा आपली पोरं म्युझिक सिस्टिम लावून बघण्याआधी बॉनेट तरी उघडतील.

आणि पोरांनो, तुम्हाला एवढंच. आरएस घ्या, मिळाली तर एमएक्स-५ घ्या, परदेशात गेलात तर खरंच घ्या. पण पहिल्या पगारातून टर्बोची चौकशी करण्याआधी त्या गाडीचा रेडिएटर धुऊन घ्या. सुट्टीत घरी जाल तेव्हा घाटावर चहाला थांबलात, तर इंजिन एक मिनिट तसंच चालू राहू द्या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी